पण कशावरून? समजुतींच्या आधाराबद्दल वाचकांचे प्रश्न

एखादी गोष्ट खरी मानणं केव्हा रास्त आणि केव्हा नाही, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत, लांबलचक पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : ‘समर्थित सत्य समजूत म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये मोडीत काढली, असं वाचलं. मग समर्थनाच्या सिद्धान्तांचा काथ्याकूट अजून कशासाठी?

उत्तर : मोडीत निघालं ते एवढंच, की समजूत, तिचं खरेपण आणि तिचं समर्थन (ती मानायला असलेला रास्त आधार) ही तीन कलमं भरली म्हणजे ज्ञान झालंच. समर्थनाची गरज नाही, असं गेटियर यांच्या तीन पानी लेखात कुठेही नाही. उलट त्यांची उदाहरणं चालतात तीच मुळी त्यातल्या माणसाकडे चांगलं समर्थन आहे म्हणून.

पहिलं उदाहरण बघा. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी उमेदवार आहेत. निवड जोन्सची होणार, असं कंपनीच्या अध्यक्षाने स्मिथला सांगितलेलं आहे. जोन्सच्या खिशातली नाणी स्मिथने स्वतः मोजली आहेत, ती दहा. यावरून स्मिथ म्हणतो, ‘ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.’ होतं असं, की नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याला पत्ता नसला तरी त्याच्याही खिशात नेमकी दहाच नाणी असतात. म्हणणं खरं ठरलं, आधारही चांगला होता, तरी याला ज्ञान म्हणायला जीभ रेटत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, इतकंच.

बिघाड मधल्या कडीत आहे. ‘जोन्सला नोकरी मिळणार’ हे खोटं होतं. म्हणून पहिली डागडुजी सुचली ती अशी : साखळीत एकही खोटी कडी नको. पण तेवढ्याने भागत नाही. ॲल्विन गोल्डमन यांच्या १९७६ च्या लेखातल्या प्रसंगात एक माणूस गाडीतून जाताना शेतातलं कोठार बघतो आणि ‘ते कोठार’ असं मनाशी म्हणतो. त्या टापूत कोठारांचे नुसते पुढचे देखावे उभे केलेले आहेत आणि त्याची नजर पडली ती तिथल्या एकमेव खऱ्या कोठारावर. इथे अनुमानच नाही, तर खोटी कडी कुठून येणार? तरी नशिबाचा हात आहेच.

ही कोडी १९६३ ची नाहीत, हे पत्रात लिहायचं राहिलेलं दिसतं. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याने मृगजळाकडे धावलेल्या तहानलेल्या माणसाचं उदाहरण दिलं आहे. त्याला दिसलं ते पाणी नव्हतंच, पण नेमक्या त्याच जागी दगडाखाली खरं पाणी निघालं. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात मुठीतल्या कवड्या नुसत्या अंदाजाने ‘पाच’ सांगणारा माणूस आणला आहे, ज्याचा अंदाज बरोबर निघतो.

समर्थनाचा विचार ज्ञानाच्या व्याख्येपुरता नाहीच. एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे कळायच्या आधीच ती मानायची की नाही, ते ठरवावं लागतं. त्या क्षणी हाताशी असतो तो फक्त आधार.

प्रश्न : प्रत्येक कारणाला पुन्हा ‘हे कशावरून?’ विचारत गेलं तर शेवट कुठे? शेवट नसेल तर आपल्या सगळ्याच समजुती हवेत आहेत का?

उत्तर : कारणांची मागणी चालू ठेवली की तीनपैकी एक गोष्ट होते. साखळी संपतच नाही, किंवा फिरून पहिल्या जागी येते, किंवा ‘हे असंच आहे’ म्हणून कुठेतरी थांबते. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सेक्स्टस एम्पिरिकसने नोंदवलेल्या आणि परंपरेने आग्रिप्पाच्या नावावर असलेल्या संशयवादी युक्त्यांमध्ये या तिन्ही आहेत. संस्कृत परिभाषेत पहिलीला अनवस्था म्हणतात, दुसरीला चक्रक. नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हाच फास प्रमाणांभोवती, म्हणजे ज्ञानाच्या साधनांभोवती, आवळला. वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणं कशाने सिद्ध झाली? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था. प्रमाणांवाचून म्हणाल तर ‘सगळं प्रमाणानेच सिद्ध होतं’ हा आग्रह तुम्हीच सोडलात.

संशयवादी इथे हात वर करतो. बाकीचे तिघे एकेक वाट धरतात आणि ती वाट वाटते तितकी वाईट नाही, हे दाखवायला बघतात.

अनंतवादी पहिली वाट घेतात. पीटर क्लाइन यांनी १९९० च्या दशकात ती नेटाने मांडली. अनंत कारणं डोक्यातून एकेक करून न्यायची असं त्यांचं म्हणणं नाही. मागितलं की पुढचं कारण उपलब्ध असलं पाहिजे, एवढीच अट. अडचण अशी की अशी साखळी पूर्ण ‘जर’चीच बनते. हे खरं असेल तर ते खरं, ते खरं असेल तर पुढचं खरं. कुठल्याच कडीत स्वतःचा जोर नसेल, तर लांबी वाढवून तो येणार कुठून, याचं पटेल असं उत्तर मिळत नाही.

सुसंगतिवाद्यांची वाट दुसरी. समजुती एकमेकींत नीट बसतात, तोच त्यांचा आधार, असं ते मानतात. त्यांच्याबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर आहे.

तिसरी वाट आधारवाद्यांची. काही समजुतींना टेकायला दुसरी समजूत लागत नाही, असं ते मानतात. देकार्तने १६४१ मध्ये या मूळ समजुती निखालस शंकातीत असल्या पाहिजेत अशी अट घातली, आणि तिथेच घोळ झाला. इतक्या कडक चाळणीतून ‘मी विचार करतो आहे’ यासारखं थोडंच खाली उतरतं आणि त्यावर बाहेरचं जग उभं राहत नाही. ते उभं करायला त्याने ईश्वराची हमी घेतली. पण ईश्वराच्या सिद्धतेला स्पष्ट आणि विविक्त जाणिवांवर भरवसा लागतो आणि त्या भरवशाला ईश्वर. चक्रक टाळायला निघालेला माणूस चक्रकातच सापडला, असा आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला गेला.

आजचे आधारवादी ही अट सोडतात. मूळ समजूत चुकूही शकते. तिला दुसऱ्या समजुतीचा टेकू लागत नाही, एवढंच पुरे. समोर काहीतरी लाल दिसतं आहे, म्हणून ‘समोर लाल वस्तू आहे’ असं मानणं हा नमुना. त्यावर विल्फ्रिड सेलर्स यांनी १९५६ मध्ये टाकलेला पेच अजून सुटला असं म्हणता येत नाही. अनुभवात काही विधान दडलेलं असेल, तर तो अनुभवही समर्थन मागेल. नसेल, तर नुसती संवेदना एखाद्या विधानाला आधार कशी देईल? जेम्स प्रायर यांनी २००० मध्ये दिलेलं उत्तर पेचाच्या पहिल्या बाजूला हात घालतं. अनुभव जग अमुक प्रकारचं ‘आहे’ असं दाखवतो, पण तो काही आपण घेतलेला निर्णय नव्हे. त्यामुळे ‘तो अनुभव घेणं तुला रास्त होतं का?’ हा प्रश्नच त्याला लागू पडत नाही. शंकेला जागा दिसेपर्यंत त्यावर विसंबणं रास्त.

माझा कौल या सौम्य आधारवादाला आहे. त्याचं एक कारण विल्यम ऑल्स्टन यांनी दाखवलेल्या फरकात आहे : समजूत समर्थित असणं वेगळं आणि तिचं समर्थन करून दाखवणं वेगळं. टेबलावर पेला आहे हे लहान मूलही रास्तपणे मानतं. ‘कशावरून?’ला त्याच्याकडे शब्द नसतात, म्हणून त्याचा आधार नाहीसा होत नाही. अनवस्थेचा फास समर्थन करून दाखवण्याच्या कामाला घट्ट बसतो. समर्थित असण्याला तो तितका बसत नाही.

प्रश्न : एका परिचिताची गुप्त कटाची मांडणी इतकी चपखल आहे की एकही धागा सुटा नाही. सुसंगतिवाद खरा असेल तर तीही समर्थित मानायची का?

उत्तर : नाही. आणि का नाही, ते आकड्यांत बघितलेलं बरं.

एक हो-नाही स्वरूपाचा प्रश्न घ्या. सुरुवातीला दोन्ही उत्तरांना समान वाव आहे. उत्तर काहीही असो, एक साक्षीदार १०० पैकी ८० वेळा बरोबर सांगतो. तो ‘हो’ म्हणाला तर ‘हो’ची शक्यता ८० टक्के. तसलाच दुसरा साक्षीदार पहिल्याशी काहीही न बोलता ‘हो’ म्हणाला, तर बाजूचं आणि विरुद्धचं प्रमाण १६ ला १ होतं, म्हणजे ९४ टक्के. तिसराही तेच म्हणाला की ६४ ला १, जवळजवळ ९८.५ टक्के. साक्षीदार कच्चे, जेमतेम ६० टक्के भरवशाचे असले तरी स्वतंत्रपणे बोलणारे दहा जण जुळले की ९८ टक्क्यांवर जाता येतं. सुसंगतीची ताकद ही अशी, आणि ती कमी लेखण्यासारखी नाही.

आता दोन बदल करून बघा. दुसऱ्या साक्षीदाराने पहिल्याचंच ऐकून सांगितलं असेल, तर शक्यता ८० वरच राहते. एकाचंच ऐकून शंभर जण बोलले, तरी ८०. दुसरा बदल : प्रत्येक साक्षीदार फक्त ५० टक्के भरवशाचा, म्हणजे नाणं उडवून बोलणारा. असे कितीही जुळले तरी शक्यता ५० वरून हलत नाही. म्हणजे जुळणीने बळ वाढतं, पण मुळात थोडं बळ असावं लागतं, आणि स्रोत एकमेकांपासून सुटे असावे लागतात. निव्वळ सुसंगती हे बळ स्वतः निर्माण करू शकत नाही. सी. आय. लुइस यांनी १९४६ मध्ये साक्षीदारांच्याच उदाहरणाने याच दिशेचा विचार मांडला होता.

लॉरेन्स बॉनजूर यांना याची जाणीव होती. १९८५ च्या मांडणीत त्यांनी अट घातली की आपोआप उमटणाऱ्या निरीक्षणांना समजुतींच्या जाळ्यात सतत प्रवेश मिळाला पाहिजे आणि तरीही जाळं दीर्घकाळ सुसंगत राहिलं पाहिजे. ही अट नसेल तर उत्तम कादंबरीही समर्थित ठरेल. पुढे ते स्वतःच सुसंगतिवाद सोडून आधारवादाकडे गेले. सुझन हाक यांनी १९९३ मध्ये दोन्हींची सांगड घातली. त्यांचा नमुना शब्दकोड्याचा. सूचना म्हणजे अनुभव, आणि आधी भरलेले, एकमेकांना छेदणारे शब्द म्हणजे बाकीच्या समजुती. फक्त शब्द एकमेकांत बसले, पण सूचनांशी एकही जुळत नाही, असं कोडं सुटलं असं कुणी म्हणत नाही.

तुमच्या परिचिताच्या मांडणीकडे या नजरेने बघा. आधी तिचे स्रोत मागे मागे नेत जा. दहा दाखले बहुधा एकाच मुळाशी पोचतील. मग विरुद्ध पुराव्याचं तिथे काय होतं ते बघा. पुरावा सापडला तर ‘बघा, कट’, नाही सापडला तर ‘लपवला, म्हणजे कटच’, असं असेल तर त्या पुराव्याचं वजन शून्य. मांडणी खरी असो वा खोटी, दोन्ही बाजूंनी सारखीच अपेक्षित असलेली गोष्ट पारडं हलवत नाही. शेवटी, काय दिसलं तर तुम्ही हे मत सोडाल, असं विचारा आणि उत्तर आधी लिहून घ्या. नंतर विचारलं की त्याचं उत्तर सोयीने बदलतं.

प्रश्न : परीक्षेत आधारवाद, आंतरवाद, बाह्यवाद, पुरावावाद यांची गल्लत होते. सोपी खूण सांगाल?

उत्तर : हे सगळे एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत, म्हणून गल्लत होते. आधारवाद, सुसंगतिवाद आणि अनंतवाद रचनेबद्दल बोलतात : आधार कुठून कुठे जातो? आंतरवाद आणि बाह्यवाद यांचा प्रश्न वेगळा : ज्यामुळे समजूत समर्थित होते ते मानणाऱ्याच्या मनात किंवा त्याच्या नजरेच्या टप्प्यात असायला हवं का? आंतरवादी ‘हो’ म्हणतो, बाह्यवादी ‘नाही’. त्यामुळे एकच माणूस आधारवादी आणि आंतरवादी असू शकतो (देकार्त), किंवा आधारवादी आणि बाह्यवादी (गोल्डमन). पुरावावाद म्हणजे समर्थन फक्त जवळच्या पुराव्यावर ठरतं हे म्हणणं. रिचर्ड फेल्डमन आणि अर्ल कोनी यांचा १९८५ चा लेख त्याचा ठळक नमुना, आणि ते दोघं आंतरवादी. उत्तर लिहिताना पहिल्या दोन ओळींत ‘हा सिद्धान्त कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे’ ते लिहा.

प्रश्न : गर्दीत ओळखीचा चेहरा क्षणात ओळखू येतो, पण कशावरून ओळखला हे सांगता येत नाही. मग ती समजूत निराधार का? आणि निराधार नसेल, तर ‘मला आतून वाटतं’ म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

उत्तर : पहिल्या भागाला विश्वसनीयतावादाचं उत्तर सरळ आहे. गोल्डमन यांनी १९७९ मध्ये मांडलं की समजूत ज्या प्रक्रियेतून आली ती बहुतेक वेळा खऱ्या समजुती देत असेल, तर समजूत समर्थित. प्रक्रिया कशी चालते हे माणसाला सांगता आलं पाहिजे, अशी अट नाही. स्मृती आणि अनुमान यांच्यासाठी त्यांनी पोटकलम जोडलं : आत घातलेलं खरं असेल तर बाहेर बहुतेक खरं निघतं ना, एवढं बघायचं. चुकीची माहिती घालून चुकीचं उत्तर आलं, तर दोष अनुमानाचा नाही.

दुसरा भाग अवघड. बॉनजूर यांनी १९८० मध्ये नॉर्मन नावाचा एक काल्पनिक माणूस उभा केला. त्याला खरोखर अचूक दिव्यदृष्टी आहे, म्हणजे दूरचं न बघताच कळतं, पण अशी शक्ती असते किंवा आपल्याला आहे याचा त्याच्याकडे काहीच पुरावा नाही. एक दिवस त्याला वाटतं की राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्कमध्ये आहेत, आणि ते असतातही. प्रक्रिया विश्वसनीय आहे, तरी नॉर्मनचं मानणं बहुतेकांना उतावळेपणाचं वाटतं. म्हणजे नुसती विश्वसनीयता पुरत नाही. उलट बाजूने, कीथ लेहरर आणि स्ट्युअर्ट कोहेन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की ती गरजेचीही नसावी. तुमच्यासारखेच अनुभव आणि तुमच्यासारखाच विचार असलेला, पण एका मायावी राक्षसाने फसवलेला माणूस घ्या. त्याची प्रत्येक प्रक्रिया अविश्वसनीय आहे. तरी त्याला आपल्यापेक्षा कमी विवेकी म्हणायचं, हे पटत नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत बोचरी वाटते. विश्वसनीयता मोजायची ती कोणत्या प्रक्रियेची? ‘दृष्टी’ची? ‘संधिप्रकाशातल्या दृष्टी’ची? ‘संधिप्रकाशात, ५० मीटरवरून, चष्म्याशिवाय, अर्धवट झाकलेला चेहरा बघण्या’ची? वर्णन बदललं की टक्केवारी बदलते. फार अरुंद केलं तर तसा प्रसंग जगात एकदाच घडलेला निघतो आणि विश्वसनीयता एकतर १०० टक्के किंवा शून्य. कोनी आणि फेल्डमन यांनी १९९८ मध्ये हा आक्षेप कसून मांडला. योग्य वर्णन निवडण्याचा सर्वमान्य नियम आजही नाही.

व्यवहारात मात्र यातून वाट निघते. ज्या कामात आपला अंदाज चुकला की लगेच कळतं, तिथल्या आतल्या आवाजावर विसंबायला हरकत नाही. चेहरा ओळखून हाक मारली की दोन क्षणांत निकाल लागतो, म्हणून ती प्रक्रिया घासून नीट झालेली असते. माणूस बघताच ‘हा खोटं बोलतोय’ असं आतून वाटतं, त्याचा निकाल क्वचितच लागतो. अशा अंदाजाची परीक्षा घ्यायची तर निकालाआधी तो लिहून ठेवा, खात्री किती ते टक्क्यांत लिहा, आणि ५० नोंदी होईपर्यंत मत बनवू नका. ८० टक्के खात्रीने लिहिलेले अंदाज खरोखर पाचापैकी चार वेळा बरोबर येतात का, ते तपासा. नेहमीची चूक अशी की फक्त बरोबर आलेले अंदाज आठवतात, आणि जो माणूस खोटं बोलला पण तुम्हाला काहीच वाटलं नाही, तो मोजणीत येतच नाही.

प्रश्न : मीमांसकांचं स्वतःप्रामाण्य आणि नैयायिकांचं परतःप्रामाण्य म्हणजेच आंतरवाद आणि बाह्यवाद का?

उत्तर : तसं समीकरण मांडू नका, फसाल. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचं यथार्थ असणं. खोटी पण रास्त समजूत या चौकटीत प्रमा (यथार्थ ज्ञान) ठरत नाही. समर्थनाच्या पाश्चात्त्य चर्चेत मात्र अशा समजुतीला मोठी जागा आहे.

वाद दोन पातळ्यांवर आहे : प्रामाण्य उत्पन्न कशाने होतं आणि कळतं कशाने. सातव्या शतकातल्या कुमारिल या मीमांसकाचं म्हणणं असं की दोन्ही बाबतींत बाहेरचं काही लागत नाही. ज्ञान झालं की ते प्रमाण धरायचं. ते अप्रमाण आहे हे मात्र बाहेरून कळतं : एक तर नंतरच्या ज्ञानाने ते बाधित होतं, नाहीतर ज्या साधनाने झालं त्यातला दोष सापडतो. हे वर सांगितलेल्या प्रायर यांच्या भूमिकेच्या बरंच जवळ जातं.

नैयायिक दोन्ही बाहेरून मानतात. यथार्थ ज्ञान कारणांमधल्या गुणांमुळे उपजतं. हे विश्वसनीयतावाद्याला ओळखीचं वाटेल. आणि ते यथार्थ होतं हे अनुमानाने कळतं, विशेषतः त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली यावरून. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली. मीमांसक लगेच विचारतो, तहान भागल्याचं ज्ञान कशावरून खरं? नैयायिकांचं उत्तर व्यवहारी आहे. प्रत्येक ज्ञान तपासायची गरज नसते, शंका आली तरच तपासायचं. आणि कृती करायला आधी निश्चय लागतोच असंही नाही. न्यायसूत्रांत प्रमाणांवरच्या अनवस्थेच्या आक्षेपाला दिव्याच्या प्रकाशाचा दाखला देऊन उत्तर दिलं आहे. पुढे चौदाव्या शतकात गंगेशाने ‘तत्त्वचिन्तामणी’त प्रामाण्यवादाचं स्वतंत्र प्रकरण लिहिलं. अभ्यासायचं तर तिथपर्यंत जा; पाठ्यपुस्तकांतला दोन ओळींचा तक्ता पुरत नाही.

प्रश्न : पुराव्याशिवाय काही मानणं हा नैतिक अपराध आहे का?

उत्तर : डब्ल्यू. के. क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये ‘हो’ म्हटलं. जहाज कच्चं असल्याची शंका मनातून दडपून ते प्रवाशांसह समुद्रात सोडणारा मालक हा त्यांचा दाखला, आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच, असं ते म्हणतात. विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये अपवाद काढला : निवड जिवंत (दोन्ही पर्याय आपल्याला खरोखर पटण्याजोगे), टाळता न येणारी आणि महत्त्वाची असेल, आणि पुराव्याने तिचा निकाल लागतच नसेल, तर मनाच्या ओढीने ठरवायला हरकत नाही. लोक जेम्स यांचा हवाला देताना शेवटची अट गाळतात. पुरावा मिळू शकतो पण शोधायचा कंटाळा आहे, अशा ठिकाणी त्यांची सूट लागू नाही.

प्रश्न : किती टक्के खात्री असली की एखादी गोष्ट मानायला हरकत नाही? ९५? ९९?

उत्तर : कोणताही आकडा धरा, हेन्री किबर्ग यांचं १९६१ चं सोडतीचं कोडं आडवं येतं. १००० तिकिटं, एकच बक्षीस. क्रमांक १ चं तिकीट हरणार याची शक्यता ९९.९ टक्के, म्हणजे ९९ ची मर्यादा पार. मग ते हरणार असं मानायचं. क्रमांक २ चंही तसंच, १००० पर्यंत सगळ्यांचं तसंच. या हजार समजुती एकत्र केल्या तर ‘एकही तिकीट जिंकणार नाही’ असं होतं, आणि एक जिंकणार हे तर ठाऊक आहे. किबर्ग यांनी सोडलं ते असं गृहीतक, की सुटं सुटं मानलेलं एकत्रही मानलंच पाहिजे. डेव्हिड मॅकिन्सन यांचा १९६५ चा प्रस्तावनेचा पेच याचाच भाऊ : लेखकाला पुस्तकातलं प्रत्येक विधान रास्तपणे खरं वाटतं, आणि पुस्तकात कुठेतरी चूक राहिली असणार हेही.

रोजच्या कामासाठी यातून घ्यायचं ते असं. लांब युक्तिवादात प्रत्येक पायरी ९५ टक्के पक्की असली आणि पायऱ्या एकमेकींवर अवलंबून नसल्या, तरी दहा पायऱ्यांनंतर एकूण ६० टक्के उरतात. चौदाव्या पायरीला निम्म्याच्या खाली. एकेक पायरी तपासून ‘सगळं बरोबर आहे’ म्हणणारे इथे घसरतात.

शिवाय आकडा कशाचा, हेही बघा. १००० जणांत १० जणांना एखादा आजार आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. तर आजारी ठरलेल्यांत खरे आजारी ९ आणि निरोगी सुमारे ८९. ‘चाचणी ९० टक्के अचूक’ हे ऐकून माणूस ९० टक्के खात्री बाळगतो. रास्त खात्री जेमतेम ९ टक्के असते.

प्रश्न : वादात कुणी माझ्या मताला आव्हान दिलं, तर मत कधी सोडायचं आणि कधी धरून ठेवायचं?

उत्तर : आधी आव्हानाची जात ओळखा. जॉन पोलॉक यांनी दोन जाती वेगळ्या केल्या. भिंत लाल दिसते म्हणून ‘भिंत लाल आहे’ असं तुम्ही मानता. एक जण म्हणतो, ‘ती पांढरी आहे, मीच रंगवली.’ हे खंडन; तो थेट उलट सांगतो आहे. दुसरा म्हणतो, ‘इथे लाल दिवा लावलेला आहे.’ त्याने भिंतीच्या रंगाबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती लाल असूही शकते. पण ‘दिसते’ आणि ‘आहे’ यांच्यामधला दुवा त्याने कापला.

खंडनासमोर दोन्ही बाजूंचं वजन करायचं आणि खात्री त्या प्रमाणात खाली आणायची. दुवा कापला गेला असेल तर वजन करण्यात अर्थ नाही, कारण तुमच्या पारड्यातलं सगळंच रिकामं झालं आहे. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे त्याच उजेडात पुन्हा निरखून बघणं. दहा वेळा बघितलं तरी दिवा लालच. दुसऱ्या प्रकाशात बघा, किंवा रंगाचा डबा शोधा. आणि लाल दिव्याची बातमी देणारा थट्टा करत होता असं कळलं, तर पहिला आधार पूर्ववत होतो. नवीन काही जमवायला नको.

‘पण तू चुकत असशील’ हे दोन्हींपैकी काहीच नाही. चुकण्याची नुसती शक्यता प्रत्येक समजुतीला सारखीच लागू असते, त्यामुळे ती या एका समजुतीविरुद्धचं कारण होत नाही. कुठे आणि कशी चूक, हे सांगितलं गेलं तरच तिची दखल घ्या.

आपल्याइतक्याच जाणत्या, आपल्याइतकाच पुरावा बघितलेल्या माणसाशी मतभेद झाला तर काय, यावर तत्त्वज्ञांचं एकमत नाही. काहींच्या मते दोघांनीही मध्याकडे सरकावं, काहींच्या मते ज्याने पुरावा खरोखर नीट तोलला त्याला सरकायचं कारण नाही. साध्या हिशेबात तरी पहिलं म्हणणं मला बरोबर वाटतं. दोघांनी तीच बेरीज केली आणि उत्तरं वेगळी आली, तर ‘मी नेहमी बरोबर असतो’ हे इथे कामाचं नाही, कारण समोरचाही तितकाच बरोबर असतो. पुन्हा तपासेपर्यंत दोन्ही उत्तरं सारखीच धरावीत. तपासताना बेरीज त्याच क्रमाने करू नये, तीच हातच्याची चूक पुन्हा होते. आकडे खालून वर मिळवावेत, आणि दोघांनी एकमेकांचा कागद न बघता.